सात नावांची उकळी

आक्का, मागच्या रानातला हरभरा खुडायला आलाय. सकाळी जाऊन शेंडे बघून आले. पहिला शेंडा तुम्ही जिभेवर ठेवायचात आणि सांगायचात, आंब धरलीय की अजून दोन दिवस थांबायचं. मी मूठभर शेंडे पदरात घेऊन सवयीनं तुमच्या दारापर्यंत आले. दार ओढलेलं होतं. मग तिथंच उंबऱ्यावर बसून एक शेंडा स्वतः चाखला. आंबट होता, पण पुरेसा आंबट आहे का, ते काही मला सांगता येईना.

तुम्हाला जाऊन आज एकवीस दिवस झाले. दहावा झाला, बारावा झाला, गोडाचं जेवण झालं. अनगोळातल्या आयाबायांनी तुमच्याबद्दल जे बोलायचं ते बोलून घेतलं. ऐन तारुण्यात कपाळ पुसलं गेलं तरी कुणापुढं पदर पसरला नाही, स्वतःचं लेकरू नाही पण दिराचं लेकरू मांडीवर वाढवलं, असं सगळं. खोटं त्यात काही नव्हतं. तरी ऐकताना मला वाटत होतं, या दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतायत. माझी थोरली जाऊ म्हणजे उकळत्या हंड्यातून पाल्याची पोटली उचलताना हात भाजला तर हाताला न विचारता हंड्यालाच शिव्या देणारी. तिच्याबद्दल कुणी बोललं नाही. म्हणून माझ्या लेकीच्या, इंदूच्या, शाळेच्या जुन्या वहीची मागची पानं घेऊन बसलेय. निपाणीकडच्या शाळेत मी चार इयत्ता शिकले, ते शिक्षण आजवर माहेरची पत्रं वाचण्यापलीकडं कामाला आलं नव्हतं.

आणि खरं सांगायचं तर मला तुम्हाला एकच गोष्ट सांगायची आहे. चार वर्षं ती सांगायची राहिली. पण थेट तिच्यावरच आले तर जमायचं नाही. तुम्हीच म्हणायचात ना, पाला एकदम पाण्यात टाकू नये, आधी निवडावा, देठ काढावेत, पिवळं पान बाजूला करावं.

माझा या घरातला पहिला हिवाळा आठवतो ना? निपाणीजवळच्या बोरगावची पोर मी, तंबाखूच्या घरातली. आमच्याकडं पान वाळवणं ही विद्या समजतात, आणि ती विद्या माझ्या नाकात भरलेली होती. तुम्ही चार दिवस संकेश्वराकडं माहेरी गेला होता. बाजारात न खपलेली दोन पाट्या मेथी पडवीत पडली होती. मामंजी म्हणाले, थोरली न्हाय, आता ही भाजी वाळवायची कुणी. मी मनात म्हटलं, एवढंच ना. आमच्याकडं तंबाखूची रास करतात, पोत्यानं झाकतात, आत ऊब धरू देतात. पान घामेजलं की त्याला रंग येतो, वास येतो. तसंच मी मेथीचं केलं. रास केली, वर पोतं घातलं, पोत्यावर पाट ठेवला, आणि दिवसातून दोनदा आत हात घालून ऊब बघत राहिले. ऊब छान धरली होती.

तिसऱ्या दिवशी तुम्ही आलात, पोतं उचललंत, आणि नाकाला पदर लावलात. "कुणाला पुरलंयस गं हितं?" म्हणून विचारलंत. मी मोठ्या मानानं सांगितलं की घाम आणतेय. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, त्या काळ्या बुळबुळीत राशीकडं बघितलंत, आणि हसता हसता पडवीच्या खांबाला धरून खाली बसलात. इतकं हसताना मी तुम्हाला त्याआधी बघितलं नव्हतं आणि नंतरही फार वेळा नाही. मग उठून सगळी मेथी उकिरड्यात पुरलीत आणि मामंजींना सांगितलंत की म्हशीनं दावं तोडून खाल्ली. ती म्हैस आठवडाभर बोलणी खात होती. मी येऊन दोन महिने झाले नव्हते, अजून माझा आवाजही तुम्हाला नीट ठाऊक नव्हता, आणि तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात. हे लक्षात ठेवा, आक्का. पुढं लागणार आहे.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला मागच्या चुलीपाशी बसवलंत. हंडाभर पाणी, त्यात चिमूटभर मीठ. सोडा नाही. शेजारची गंगू सोडा टाकायची, तिचा पाला पोपटासारखा हिरवा दिसायचा, आणि तुम्ही म्हणायचात, तिचा पाला नुसता बघायचा, खायचा नाही. शहापूरच्या मागावरून आणलेलं विरळ विणीचं फडकं होतं तुमच्याकडं, त्यात पाला सैल बांधायचा, कारण घट्ट बांधला तर मधला कच्चा राहतो. पाणी खदखदलं की पोटली आत. आणि किती वेळ ठेवायची ते तुम्ही नावांनी मोजायचात.

सोनाई, रखमाई, तुळसा, भागू, येसू, तान्हू, सुंद्रा. या घरातल्या गेलेल्या सात जणी. शेवटची आपली सासू. सोनाईला पोटली पाण्यात, सुंद्राला बाहेर. राजगिरा कोवळा म्हणून नावं भरभर घ्यायची, शेवग्याच्या पाल्याला सावकाश. मला पहिल्यांदा हसू आलं होतं. आमच्याकडं सासूचं नाव कुणी उच्चारत नाही, आणि इथं सासूच्या सासूपर्यंत सगळ्या उकळत्या पाण्यावर उभ्या. मी विचारलं तेव्हा तुम्ही पोटलीवरची नजर न हलवता म्हणालात, "जित्या हुत्या तवा कुणी ह्यांची नावं घेतली न्हाईत. कुणाची आई, कुणाची बायकू, एवढंच. आता भाजीच्या निमतानं तरी घेऊया की."

बाहेर काढली की पोटली तशीच विहिरीच्या गार पाण्यात. ही गोष्ट मी पुष्कळदा विसरायची आणि तुम्ही पुष्कळदा ओरडायचात. आतला ताप काढला नाही तर पान बाहेर येऊनही शिजतच बसतं. मग निथळून पडवीत बाजेवर, सावलीला, पातळ पसरायचं. ऊन बाजेच्या पायापर्यंत आलं की बाज आत सरकवायची. पान बोटांत चुरून कुर्र वाजलं की मडक्यात, मडक्याचं तोंड बांधून अंधारात. फक्त हरभऱ्याला यातलं काहीच नाही. त्याला पाणीसुद्धा लावायचं नाही, कारण पानावरची आंब गेली तर उरतं काय. तो खुडला तसाच वाळवायचा. "ज्येला त्येला ज्येचं त्येचं," असं तुम्ही म्हणायचात.

मी एकदा सहज विचारलं होतं, आणि तुम्ही गेल्यावर हो? तुम्ही म्हणालात, "मला घालू नगंस त्यात. आठवं नाव घेतलंस तर पाला शिजून गळंल." आणि दोघी हसलो होतो.

आपलं भांडण त्यानंतर दोन-तीन वर्षांनी सुरू झालं. तसं भांडण म्हणजे काय, ऊन-सावलीचा वाद. मला दिसायचं की पोटली काढल्यावर पाणी हिरवं झालेलं असतं. मी म्हणायची, बघा, सत्त्व सगळं पाण्यात गेलं. आमच्या शाळेत गुरुजी सांगायचे की झाडाला सगळं ऊन देतं. मग कच्चा पाला सरळ उन्हात वाळवावा, पाण्याला कशाला वाटा द्यायचा? तुम्ही ते हिरवं पाणी कधी टाकायचा नाहीत, आमटीत घालायचात. मी चिडवायची की आक्कांची भाजी मडक्यात आणि सत्त्व आमटीत. तुम्ही म्हणायचात, म्हणून तर आमटी तुला वाढती. पण एकदा तुम्ही नीट बसून उत्तर दिलं होतं, ते मी तेव्हा कानाआड केलं.

"पान खुडलं म्हंजे लगीच मरत न्हाय गं. आत जीव असतोय. त्येला खायला कोण घालणार? मग त्यो सोताच्याच अंगाला खात बसतोय, मडक्यातबी. म्हनून उकळीनं त्येला निजवायचं. थोडं पाण्याला जातंय, जाऊंदे. जे ऱ्हातंय ते टिकतंय."

इंदू झाली त्यानंतर हा वाद नुसता वाद राहिला नाही, निदान माझ्या बाजूनं. ते मी तुम्हाला कधी कळू दिलं नाही. इंदू तुमच्या कुशीत झोपायची. न्हाऊ घालणं तुमचं, काजळ तुमचं. ती पहिला शब्द बोलली तो 'आक्का'. सगळ्यांनी कौतुक केलं, मीही केलं, आणि मागच्या दारी जाऊन धुणं आपटून आपटून धुतलं. आज लिहिताना लाज वाटते, पण वाटलं ते वाटलं. माझ्या लेकीच्या ताटात तरी माझ्या हातचं काही असावं, एवढंच मनात धरून बसले. ती पाच वर्षांची होत आली त्या हिवाळ्यात माझी वेगळी उतरंड लावली, तुमची भिंतीच्या या बाजूला, माझी त्या. माझ्या मडक्यांत कच्चा पाला, भर उन्हात घराच्या धाब्यावर वाळवलेला. तुम्ही अडवलं नाहीत. उलट गंगूला सांगितलंत, आमची धाकटी शिकलेली हाय, तिचंबी बघूया की.

मग तो उन्हाळा आला. गोऱ्या सरकारची लढाई ऐन भरात होती. अनगोळातली ताजी भाजी पहाटे गाड्यांत भरून कॅम्पात जायची, सैन्यासाठी. विहीर तळाला गेली होती, नवी लावण करता येईना. ताजं पान म्हणून घरात दिसत नव्हतं. पाडव्याला तुम्ही तुमच्या उतरंडीतलं मधलं मडकं माझ्या हातात दिलंत. शेवग्याचा पाला आणि राजगिरा. म्हणालात, पोरीला रोज मूठभर घाल, वरनं तेलाची धार सोड, तेलाबिगर पाला अंगी लागत न्हाय.

आक्का, ते मडकं मी भाताच्या कणगीमागं ठेवलं. उघडलं नाही.

इंदूला मी माझाच पाला घालत राहिले. फाल्गुनातच त्याचा रंग गवतासारखा झाला होता. वासही गवताचाच. मला दिसत होतं, नाकही शाबूत होतं, पण मान्य कोण करणार? तुम्ही दर दोन-चार दिवसांनी विचारायचात, घालतीस न्हवं? मी म्हणायची, व्हय की आक्का, रोज घालते. तुम्हाला बरं वाटायचं. तुमच्या चेहऱ्यावर ते बरं वाटणं दिसायचं, आणि मी तरी पुन्हा पुन्हा तेच सांगायची.

वैशाखात इंदू दिवेलागणीला ठेचकाळायला लागली. रॉकेल मिळत नव्हतं, दिवा उशिरा लावायचो, म्हणून आम्हाला वाटलं अंधारानं चाचपडत असेल. एकदा उंबऱ्यावरून पडली, एकदा तुमच्या पाटावर बसायच्या ऐवजी शेजारी जमिनीवर बसली आणि पाट हातानं शोधत राहिली. तुम्ही तिला मांडीवर घेतलंत, समोर बोट धरलंत, विचारलंत किती. ती तुमच्या आवाजाकडं बघून हसली. पाच वर्षांची पोर, समोरचं बोट तिला दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिला कडेवर घेऊन आपण दोघी कॅम्पातल्या दवाखान्यात चालत गेलो. डॉक्टरांनी डोळे उघडून बघितले, रातांधळं आहे म्हणाले, आणि विचारलं, पोर पालेभाजी खाते का? मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, रोज खाती की, माझ्या हातची उकळून वाळवलेली भाजी, मूठभर रोज. डॉक्टर कागदावर लिहीत होते. मान वर न करता सहज म्हणाले, उकळून वाळवलेल्या पाल्यात काय राहणार बाई, सगळं पाण्यात जातं.

तुमचा हात इंदूच्या डोक्यावरून फिरत होता. तो तिथंच थांबला. तेव्हा मला एक वाक्य बोलायचं होतं. हिनं तो पाला खाल्लाच नाही, एवढंच. मी भिंतीवरच्या फळीकडं बघत उभी राहिले, बाटल्या मोजल्यासारखी. डॉक्टरांनी माशाचं तेल दिलं, आपण बाहेर आलो.

घरी आल्यावर इंदूला खाली ठेवलंत आणि मला म्हणालात, "धाकटे, तुझंच खरं हुतं गं. मीच पोरीला नुसता चोथा खायाला घातला."

त्याच दुपारी तुम्ही तुमची उतरंड उतरवलीत आणि मडकी म्हशीपुढं रिकामी करायला निघालात. मी दोन मडकी हातातून काढून घेतली, म्हटलं राहू द्या, मला चव आवडते. आणि संध्याकाळपासून इंदूला चोरून तोच पाला घालायला लागले. कणगीमागचं मडकंही काढलं. उघडल्यावर आतून ताज्या शेवग्याचा वास आला, आक्का. हिवाळ्यापासून बंद होतं ते. पाला कोमट पाण्यात भिजवला तर पान पुन्हा पान झालं. मी चुलीपुढं बसून रडले आणि रडत रडत त्याच्यावर तेलाची धार सोडली. पावसाच्या आत इंदू अंधारात कोंबडीमागं धावायला लागली. माशाच्या तेलानं की तुमच्या पाल्यानं, ते देव जाणे. दोन्ही चालू होतं. पण तुम्हाला एकच ठाऊक होतं. तुम्ही त्या तेलाच्या रिकाम्या बाटलीला हळदकुंकू लावलंत.

त्यानंतर चार हिवाळे गेले. तुम्ही हंडा चढवला नाहीत. फक्त हरभरा वाळवायचात, कारण त्याला पाणी लागत नाही. गल्लीतल्या बायका विचारायला आल्या की म्हणायचात, आमच्या धाकटीला विचारा. आणि धाकटी मागच्या चुलीवर तुमच्याच रीतीनं, सात नावांवर पाला काढत होती. तुम्ही तिकडून जाताना एकदा थांबलात आणि म्हणालात, कशाला माझं मन राखतीस गं. मी म्हटलं, नाही आक्का, तुमचीच रीत खरी आहे. तुम्ही हसलात. ते हसू मला ओळखता येत होतं. धाकटी गुणाची आहे, थोरलीला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलते, असं ते हसू होतं. मी खरं बोलले ते एकदाच, आणि नेमकं तेच तुम्हाला खोटं वाटलं. म्हशीच्या वेळचं तुमचं खोटं मला तारून गेलं होतं. माझ्या खोट्यानं तुमच्या हातातली विद्या काढून घेतली.

ताप आला तेव्हा तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तुमच्या उशाशी बसले होते. मनाशी पक्कं करून म्हटलं, आक्का, एक सांगायचंय. तुम्ही डोळे उघडलेत. बाहेर बाजेवर माझी मेथी वाळत होती. तुम्ही म्हणालात, "आधी पाला आत घे. दव पडंल." मी बाज आत ओढून येईतो तुम्हाला झोप लागली होती. दुसऱ्या दिवशी तुमची जीभ जड झाली. ती मेथी आत घेतली नसती तर काय बिघडलं असतं, हे मी एकवीस दिवस स्वतःला विचारतेय. उत्तर तेच येतं. तुम्ही रागावला असता.

बाराव्याला संकेश्वराकडून तुमचे भाऊ आले. म्हातारे झालेत, काठी टेकत आले. तुमच्या खोलीच्या दारात उभे राहून हुंदका देत म्हणाले, "आमची मल्लव्वा गेली." मी बघतच राहिले. कोण मल्लव्वा? बारा-तेरा वर्षं एका चुलीवर आपण जेवलो, आक्का. लग्नात तुमचं नाव लक्ष्मी ठेवलं, ते मला ठाऊक होतं, पण तेही मी कधी तोंडानं घेतलं नाही. माहेरचं तर विचारलंसुद्धा नाही. सात जणींची नावं मला तोंडपाठ होती, आणि त्यांची नावं मला शिकवणारीचं नव्हतं.

तुमची ट्रंक उघडली तेव्हा सगळ्यात खाली ते फडकं मिळालं, शहापूरचं, विरळ विणीचं. धुऊन, चौपदरी घडी घालून ठेवलेलं. चार वर्षं न वापरता तुम्ही ते जपून ठेवलं होतं.

इथवर सकाळी लिहिलं. आता दिवे लागलेत. मधल्या वेळात काय झालं ते तेवढं लिहिते आणि वही मिटते.

दुपार कलल्यावर हंडा चढवला. राजगिरा निवडून ठेवला होता. तुमचं फडकं घेतलं, सैल बांधलं. इंदू शाळेतून आली आणि शेजारी बसली. आता नऊ वर्षांची आहे, नावं तिलाही येतात. दोघींनी मिळून म्हटलं, सोनाई, रखमाई, तुळसा, भागू, येसू, तान्हू, सुंद्रा. सुंद्राला मी पोटली वर घेतली.

इंदू म्हणाली, "आई, आक्काचं नाव न्हाय घेतलंस."

मी तिला सांगितलं, आक्कानंच नको म्हटलंय, आठव्या नावाला पाला गळतो. बोलता बोलता पोटली गार पाण्यात सोडली. आणि हात पाण्यातच राहिला. हिवाळ्याचं विहिरीचं पाणी, मनगटापर्यंत थंडावा चढला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की इथं कसली घाई? गार पाण्यात पोटली कितीही वेळ राहिली तरी पाला गळत नाही. इथं एक काय, दोन नावं बसतात.

मी म्हटलं, लक्ष्मी. मग म्हटलं, मल्लव्वा. त्या दुसऱ्या नावाला काही केल्या 'तुम्ही' लागेना. म्हणून तसंच म्हटलं. मल्लव्वा, तुझं मडकं मी उघडलंच नव्हतं. पोरीनं तुझ्या हातचं एक पानसुद्धा खाल्लं नव्हतं. खाल्लं ते माझं, उन्हात जाळलेलं. डॉक्टरांपुढं मी गप्प बसले. तुझ्या पाल्यात सगळं होतं, इतक्या महिन्यांनीसुद्धा होतं. तुझा हात चुकला नव्हता गं.

इंदू ऐकत होती. तिनं ऐकायलाच हवं होतं, डोळे तिचे होते. तिनं पाण्यात माझ्या हातावर हात ठेवला.

मग पोटली निथळली, पडवीत बाजेवर उघडली, पाला पातळ पसरला. पान न् पान हिरवं होतं. तोवर दिवस मावळून पडवीत अंधारून आलं होतं. मी फडकं झटकून आत निघाले.

"आई, थांब," इंदू म्हणाली. बाजेखाली, खांबाच्या आड एक पान पडलं होतं. मला दिसलं नव्हतं. तिनं वाकून ते उचललं आणि बाकीच्या पाल्यात ठेवलं.